विषय: जुन्या क्रेडिट कार्डाची वसुली – पैसे द्यायच्या आधी काय तपासायचं?

सचिवांकडून

नमस्कार मंडळी,

गेल्या काही दिवसांत एकाच धाटणीच्या चौकश्या आल्या आहेत. कार्ड इथलं, ब्रिटनमधलं, २००५ च्या सुमाराचं, हप्ते कित्येक वर्षं बंद, बँकेने खातं केव्हाच विकून टाकलेलं. आता कर्ज विकत घेणारी कंपनी ३,८४० पौंडांच्या मागणीची पत्रं धाडते आहे. हे अजून द्यावं लागतं का, एवढंच लोकांना हवंय. जाणकारांनी इथेच उत्तर द्यावं. कुणाचं नावगाव मात्र लिहू नये.

– सचिव

क्रॉयडनहून

सचिवताई,

आधी काय करू नये ते सांगतो. फोन करू नका, आणि “तोंड बंद करायला” पाच पौंड तर मुळीच पाठवू नका. इंग्लंड-वेल्समध्ये १९८० च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे दावा लावायला ६ वर्षं असतात. मुदत संपायच्या आत एक पौंड जरी भरला, किंवा कर्ज मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं, की ती ६ वर्षं पहिल्यापासून सुरू. ई-मेलखाली टाइप केलेलं नावही सही धरलं जाऊ शकतं. मुदत एकदा उलटली की मात्र नंतरच्या पैशाने किंवा पत्राने ती पुन्हा जिवंत होत नाही. अडचण एवढीच की ती उलटली आहे की नाही, याचीच तुम्हाला अजून खात्री नसते.

पहिली तपासणी: सीसीजे, म्हणजे कोर्टाचा निकाल, आधीच लागलाय का? आपल्याकडे घरं वरचेवर बदलतात, आणि दाव्याची कागदपत्रं शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवणं कायद्याला चालतं. तेव्हा माणूस मिल्टन कीन्सला आणि निकाल जुन्या हाउन्स्लोच्या दारात, असं सहज होतं. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडून तुमचा फुकटचा अहवाल मागवा. सीसीजे ६ वर्षांनी नोंदवहीतून जातो, म्हणून कोरा अहवाल म्हणजे निकाल कधी लागलाच नाही, असं नाही. सीसीजे असेल तर खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी निरुपयोगी. मग निकाल रद्द करून मागायचा का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यात दिरंगाई नडते.

दुसरी: ६ वर्षं मोजायची कुठून? बहुतेक लोक शेवटच्या हप्त्यापासून मोजतात आणि इथेच फसतात. २०१९ साली कोर्ट ऑफ अपीलने पीआरए ग्रुप विरुद्ध डॉइल या खटल्यात ठरवलं की, अशा कार्डाच्या बाबतीत घड्याळ डिफॉल्ट नोटिशीत, म्हणजे हप्ते थकल्याच्या बँकेच्या औपचारिक सूचनेत, दिलेली मुदत संपल्यावर सुरू होतं. ही मुदत किमान १४ दिवसांची असते, पण बँक नोटीसच सहा-आठ महिने उशिरा धाडू शकते. तारीख कळत नसेल तर मूळ बँकेकडे आपल्या माहितीची मागणी करा, म्हणजे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट. फी नाही, उत्तराला एक महिना. स्टेटमेंटं, नोटिसा आणि फोनच्या नोंदी मागा.

तिसरी तपासणी कागदांची. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७८ क्रेडिट कार्डांसाठी आहे (ठरावीक रकमेच्या कर्जाला ७७). १ पौंड फी भरून कराराची प्रत आणि खात्याचा हिशोब मागायचा. विनंती पोचल्यापासून कामकाजाच्या १२ दिवसांत ते दिलं नाही, तर देईपर्यंत करार कोर्टातून वसूल करता येत नाही. “देईपर्यंत” या शब्दाखाली रेघ मारा. वर्षभराने कागद सापडला की हक्क परत येतो. तोवर कर्ज माफ होत नाही आणि क्रेडिट फाइलवरची नोंदही तशीच राहू शकते. फक्त, पैसे मागताना कंपनीने हे सध्या कोर्टातून वसूल होण्याजोगं नाही, असं स्पष्ट सांगायला हवं; एफसीए या वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा तसा नियम आहे.

– क्रॉयडनकर

लेस्टरहून

काका, एका प्रकरणात कलम ७८ च्या मागणीला पाच आठवड्यांनी उत्तर आलंय. चार पानी छापील अटी, सही कुठेच नाही. कंपनी म्हणते हीच प्रत. मग सहीशिवायचा कागद म्हणजे प्रकरण संपलं ना?

क्रॉयडनहून

नाही हो. हा गैरसमज इंटरनेटवर फार पसरलाय. २००९ च्या कॅरी विरुद्ध एचएसबीसी या निकालाने बँकेला आपल्या नोंदींवरून प्रत पुन्हा तयार करून द्यायची मुभा दिली. कलम ७८ च्या प्रतीला सहीची झेरॉक्स लागत नाही. पण त्या चार पानांत या गोष्टी शोधा:

कार्ड घेतलं तेव्हाचं नाव आणि तेव्हाचा पत्ता आहे का? आजचा पत्ता टाकलेली प्रत चालत नाही. अटी मूळ वर्षाच्या आहेत की अलीकडच्या? मधे बदलल्या असतील तर मूळ आणि चालू, दोन्ही द्याव्या लागतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छपाईचा कोड असतो, त्यात कधी महिना-वर्ष दडलेलं असतं. २००५ चा करार म्हणून दिलेल्या कागदावर २०११ चा कोड दिसला, तर तसं लेखी कळवा. आणि चौथी गोष्ट, हिशोब जोडलाय का? तो बहुधा राहूनच जातो.

आता तारखेचा मुद्दा. करार ६ एप्रिल २००७ च्या आधीचा असेल तर कायदा जास्त कडक आहे. क्रेडिटची मर्यादा, व्याजदर आणि परतफेड कशी करायची, हे ज्यात आहे असा सही केलेला दस्तऐवज होता, हे कंपनीला कोर्टाला पटवावं लागतं. नाही पटलं तर कोर्टाला वसुलीचा आदेश देताच येत नाही. त्यानंतरच्या करारांत न्यायाधीश ही त्रुटी असूनही वसुलीचा आदेश देऊ शकतो. म्हणून २००५ चं कार्ड आणि २००९ चं कार्ड यांना एकच सल्ला देऊ नका.

दाव्याआधीचं पत्र, म्हणजे लेटर ऑफ क्लेम, आलं तर उत्तराला ३० दिवस मिळतात. सोबतच्या फॉर्मवर कागद मागा. थेट नॉर्थॅम्प्टनच्या कोर्ट केंद्राचा क्लेम फॉर्म, म्हणजे दाव्याचा कागद, आला तर त्यावरच्या तारखेत ५ दिवस मिळवा आणि तिथून १४ दिवसांत तो मिळाल्याची पोच कोर्टाकडे नोंदवा. मग बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. मुदत उलटल्याचा मुद्दा बचावात तुम्हीच लिहायचा. इंग्लंडमधलं कोर्ट तो आपणहून काढत नाही. पाकीट न उघडता ठेवलं, तर २०१० मध्येच बंद पडलेल्या खात्यावरही सीसीजे लागतो.

– क्रॉयडनकर

ग्लासगोहून

थोडी भर. स्कॉटिश कायद्याखालच्या करारांना ६ नव्हे, ५ वर्षं. आणि तोवर दावा किंवा कबुली काहीच झालं नसेल तर कर्जच विझतं, नुसती वसुली अडत नाही. पण मँचेस्टरला घेतलेलं कार्ड इकडे राहायला आल्याने स्कॉटिश होत नाही. करारात कुठला कायदा लिहिलाय ते पाहा.

– ग्लासगोकर

लेस्टरहून

आणि पुण्या-मुंबईला सोडून आलेल्या कार्डाचं काय? तिकडे तीनच वर्षं ना?

क्रॉयडनहून

तीन वर्षं खरी, पण परदेशस्थांसाठी ती मृगजळ ठरू शकतात. भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्यातलं कलम १५(५) वाचा: प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मुदतीत मोजतच नाहीत. म्हणजे इथे आठ वर्षं काढली म्हणून तिथलं कर्ज मुदतबाह्य झालं, असं धरून चालू नका. इथल्या कायद्यात परदेशी गेल्याने घड्याळ थांबत नाही, नेमकं उलट. दुसरा फरक असा की तिथे मुदत उलटल्याचं प्रतिवादीने मांडलं नाही तरी कोर्टाने ते पाहायचं असतं (कलम ३). आणि मुदतबाह्य कर्जही “देईन” असं लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम २५(३) ने ते पुन्हा बांधून घेतं. सुट्टीत घरी गेल्यावर वसुली एजंटाने पुढे केलेल्या कागदावर सही करू नका.

– क्रॉयडनकर

सचिवांकडून

आभार. फुकट सल्ल्यासाठी नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस यांची नावं संकेतस्थळावर टाकते. शेवटचं एक: सही करायची नाही, तर तो एक पौंड पाठवायचा कसा? चेकवर सही लागतेच.

क्रॉयडनहून

पोस्टल ऑर्डर. पोस्टात मिळते, वर थोडं कमिशन पडतं. पत्र सध्याच्या मालक कंपनीच्या नावे, खाली सहीऐवजी नाव टाइप न करता छापील अक्षरांत हाताने लिहा, आणि पहिलंच वाक्य “मी आपलं कोणतंही कर्ज मान्य करत नाही” हे असू द्या. पत्रात आणि ऑर्डरच्या मागे, दोन्हीकडे लिहा: ही कलम ७८ ची फी आहे, खात्यावर जमा करू नये. नाहीतर कुणीतरी कारकून ती हप्ता म्हणून चढवतो. साइन्ड फॉरने (सही घेऊन पोचवणाऱ्या टपालाने) पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

– क्रॉयडनकर