गोल्डफिशच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके – इच हा परजीवी रोग आहे की दुसरंच काही?

नमस्कार. घरी दोन ओरांडा गोल्डफिश आहेत, साधारण दीड-दोन वर्षांचे. टाकी सव्वाशे लिटरची, दर आठवड्याला पाव पाणी बदलतो. थंडी सरल्यापासून पाणी 25 अंशांच्या आसपास आहे. अमोनिया, नायट्राइट शून्य.

मोठ्या माशाच्या दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे दाणे उठलेत. छातीकडच्या परांच्या पुढच्या कडेवरही तसेच, अगदी एका ओळीत. अंगावर, शेपटीवर एकही नाही. दुकानदाराने फोटो बघून लगेच इच सांगितलं आणि मिथिलीन ब्लूची बाटली हातात दिली. पण मासा व्यवस्थित खातोय, पर ताठ आहेत, कुठे अंग घासत नाही. उलट दुसऱ्याच्या मागे सतत लागलेला असतो, पोटाला तोंडाने ढुसण्या देतो. सकाळी तर फारच.

त्या दुसऱ्याचं पोट एका बाजूने फुगलंय. जलोदर तर नसेल ना? मला खरी धास्ती त्याचीच आहे. औषध टाकण्याआधी कुणी जाणकार सांगेल का?

प्रतिसाद:

औषध टाकू नका. तुमचा मोठा मासा नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांवर असे दाणे येतात, हंगाम सरला की जातात. इचचे ठिपके मिठाचे कण शिंपडल्यासारखे कुठेही दिसतात, बहुतेकदा शेपटीवरही. शिवाय ते परजीवी काही दिवसांत गळून पडतात आणि नवे दुसरीकडे उठतात. म्हणून रोज एकाच कोनातून फोटो काढा. दाणे जागचे हलले नाहीत तर काळजी नको.

दुसरी बहुतेक मादी, पोटात अंडी असणार. तिला वरून बघा. जलोदरात खवले अंगापासून सुटून उभे राहतात, अंड्यांनी फुगलेल्या पोटावर ते सपाटच असतात. खवले उभे दिसले, खाणं सुटलं किंवा ती तळाशी बसून राहिली, तर मात्र थांबू नका, माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा.

नर तिला दमवतोय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाठलागात खवले निघतात, जखमा चिघळतात. टाकीत जाळीचा पडदा घालून दोघांना वेगळं ठेवा.

मूळ धागाकर्ता:

आत्ताच वरून पाहिलं. खवले सपाट आहेत, पण शेपटीजवळ दोन निघालेत. जाळी आजच लावतो. निघालेले खवले परत येतात का?

प्रतिसाद:

येतात, हळूहळू. तोवर पाणी स्वच्छ ठेवा आणि ती जागा लाल होतेय का, तेवढं बघत राहा.