व्हीटी१०० वर १३२ स्तंभ केले की १४च ओळी का उरतात?

प्रश्न:
डेक कंपनीच्या व्हीटी१०० टर्मिनलवर (संगणकाला जोडायचा पडदा आणि कळफलक) सेट-अप आणि मग ९ दाबलं की ८० चे १३२ स्तंभ होतात, पण २४ पैकी १४च ओळी उरतात. परत ९ दाबलं की २४ येतात. रॅमची चिप गेली असेल का? आणि मुळात २४ हा आकडा आला कुठून? ८० पंचकार्डावरून (छिद्रं पाडून माहिती साठवायच्या कार्डावरून) आले, ते माहीत आहे.

प्रतिसाद १:
चिप शाबूत आहे. १९७८ च्या मूळ मशीनमध्ये पडद्यासाठी मेमरीच बेताची. हिशेब बघा: ८० × २४ = १९२०, १३२ × १४ = १८४८, पण १३२ × २४ = ३१६८. तेवढ्यासाठी ॲडव्हान्स्ड व्हिडिओ ऑप्शनचा जादा बोर्ड लागतो. तो आहे का, हे मशीन न उघडता कळतं. संगणकावरून एस्केप, चौकोनी कंस, स्मॉल सी एवढं पाठवा. उत्तरात १;० आलं तर बोर्ड नाही, १;२ आलं तर आहे.

बोर्ड नसेल तर युनिक्स या संगणकप्रणालीला एसटीटीवाय या आज्ञेने ओळी १४, स्तंभ १३२ असं सांगून ठेवा. नाहीतर एडिटर २४ ओळी धरून चालतो आणि तळाशी मजकुराचा चुथडा होतो. स्तंभ बदलताना पडदा पुसला जातो, तो बिघाड नव्हे.

प्रतिसाद २:
२४ चं मूळही मेमरीतच आहे. पिक्चर ट्यूबवरचं अक्षर लगेच विझतं, ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा रेखाटावं लागतं. म्हणजे मजकूर कुठेतरी साठवणं आलंच. आयबीएम २२६० या टर्मिनलमध्ये (१९६४) ही साठवण निकेलच्या सुमारे ५० फूट तारेत होती. एका टोकाला दिलेला पीळ साडेपाच मिलिसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोचायचा, की तोच पुन्हा आत सोडायचा. फार देखणी युक्ती, पण हादरे तिला सोसत नसत. त्यावर जास्तीत जास्त १२ × ८०, म्हणजे ९६० अक्षरं. आयबीएमच्याच १९७१ च्या ३२७० मालिकेत ४८० बिटांचे शिफ्ट रजिस्टर (बिट एकामागून एक पुढे सरकवणाऱ्या चिपा) आले. ४८० चौक १९२० अक्षरं, झाल्या ८० च्या २४ ओळी.

प्रतिसाद ३:
बरोबर, पण २४ लगेच सगळीकडे रुळले नाहीत. डेटापॉइंट ३३०० हा टर्मिनल (१९६९) टेलिटाइपची (कागदावर छापणाऱ्या टर्मिनलची) जागा घ्यायला आला, म्हणून त्यावर ७२ स्तंभ आणि २५ ओळी. डेकचा व्हीटी०५ (१९७०) ७२ × २०, व्हीटी५० (१९७४) ८० × १२. डेकच्या घरात ८० × २४ आलं ते १९७५ च्या व्हीटी५२ बरोबर.