१० मिमीच्या लेन्सवर कडेची माणसे रुंद, खांब तिरपे आणि लोणारचे तळे लहान: उपाय काय?

प्रश्न (मेहकर तालुक्यातून)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत मी लग्ने, पोळा आणि शाळांचे कार्यक्रम यांची छायाचित्रे काढतो. कॅमेरा १.६ पट क्रॉप सेन्सरचा आहे, म्हणजे त्यातला प्रतिमा टिपणारा भाग (सेन्सर) पूर्ण आकाराच्या मानाने १.६ पट लहान आहे. आतापर्यंत १८-५५ मिमीच्या लेन्सवर काम भागत होते. परंतु ओसरीत किंवा अंगणातल्या लहान मांडवात मागे सरकायला जागाच नसते, म्हणून यंदा १०-१८ मिमीची वापरलेली लेन्स घेतली (मिमीचा आकडा जितका लहान, तितके जास्त दृश्य चौकटीत मावते). जागेची अडचण दूर झाली, पण नव्या अडचणी उभ्या राहिल्या. नातेवाइकांच्या समूहचित्रात कडेला उभ्या असलेल्या मावशी-काकांचे चेहरे आणि खांदे आडवे ताणलेले दिसतात आणि ते साहजिकच नाराज होतात. जुन्या देवळात कॅमेरा वर केला की खांब आत झुकतात. लोणारच्या काठावरून घेतलेल्या चित्रात तर एवढे मोठे विवर असूनही मधोमध पाण्याची एक बारीक पट्टी तेवढी उरते. संपादनात लेन्स करेक्शन चालू केले, तरी विशेष फरक पडत नाही. हा लेन्समधला दोष आहे, की वापरण्याची पद्धत बदलायला हवी?

उत्तर (चांदूर बाजारहून)

भाऊ, आपण वर्णन केले आहे त्यावरून लेन्समध्ये दोष दिसत नाही. लेन्स करेक्शन हे सरळ रेषेला बाक येणे आणि कोपरे काळवंडणे या गोष्टी दुरुस्त करते. कडेची माणसे रुंद होणे हा वेगळा प्रकार आहे, आणि सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या प्रत्येक वाइड लेन्समध्ये, ती कितीही महाग असली तरी, तो असतोच. बॅटरीचा झोत भिंतीवर समोरून टाकला तर वर्तुळ पडते आणि तिरका टाकला तर लांबट आकार पडतो. सेन्सरच्या कडेला पडणाऱ्या प्रतिमेचेही तसेच होते. आपल्या कॅमेऱ्यावर १० मिमीला आडवा दृश्यकोन सुमारे ९६ अंश भरतो, म्हणजे अगदी कडेचा माणूस मध्यापासून ४८ अंशांवर असतो आणि तेथे त्याचे डोके उंचीच्या मानाने जवळजवळ दीडपट रुंद उमटते. हीच लेन्स १८ मिमीवर नेली, तर कडेचा कोन ३२ अंशांवर येतो आणि ताण सव्वापटीच्याही आत राहतो.

यात एक गोष्ट फार उपयोगाची आहे. सेन्सरला समांतर असलेल्या सपाट वस्तूला हा ताण लागत नाही. मागची भिंत, तिच्यावरचा फलक, दाराची चौकट हे सारे कडेलाही जसेच्या तसे राहते. ताणले जाते ते डोके, घागर, बैलाचे वशिंड यांसारखे गोलाकार. म्हणून कडेला माणसांऐवजी मांडवाचे खांब, पडदे किंवा मोकळी जागा येऊ द्यावी आणि माणसे चौकटीच्या मधल्या दोन-तृतीयांश भागात बसवावीत. एका लांब ओळीपेक्षा तीन ओळी कराव्यात: मुले सतरंजीवर, वडीलधारे खुर्च्यांवर आणि बाकीचे मागे उभे.

बरेच जण कडेच्या लोकांना पुढे घेऊन अर्धवर्तुळ करतात. ५० मिमीवर ते शोभते, पण १० मिमीवर ते टाळावे. सरळ ओळीत निदान सर्वांची उंची एका मापाची राहते. अर्धवर्तुळात कडेचे लोक कॅमेऱ्याच्या पातळीजवळ येतात, त्यामुळे रुंदीबरोबर त्यांचा आकारही वाढतो आणि मधोमध बसलेले नवरा-नवरी सर्वांत लहान दिसू लागतात. चित्र काढून झालेच असेल, तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंट या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा ताण कमी करण्याची स्वतंत्र सोय आहे. मात्र चेहरे सावरले की मागच्या सरळ रेषा थोड्या वाकतात, हे गृहीत धरावे.

उत्तर (पुसदहून)

वरील सर्व मान्य आहे, तरी माझे मत थोडे कडक आहे. पैसे घेऊन काढलेल्या समूहचित्रात १५ मिमीच्या खाली जाऊच नये. ओसरीत जागा नसेल, तर सर्वांना अंगणात आणावे, स्वतः स्टुलावर उभे राहावे आणि १८-५५ वापरावी. लेन्स बदलण्यापेक्षा माणसे हलवणे सोपे असते.

उत्तर (लोणारहून)

देवळाच्या खांबांविषयी सांगतो. सेन्सर उभ्या खांबांना समांतर असेल तोवर खांब उभेच राहतात. कॅमेरा वर कलला की ते आत झुकतात. १० मिमीवर पाच अंशांचा कलही डोळ्यांत भरतो, म्हणून पडद्यावरची पातळीची रेषा नेहमी चालू ठेवावी. कॅमेरा उभा धरून समतल ठेवला की खालचा अर्धा भाग फरशीने भरतो. तो नंतर कापून टाकावा. पिक्सेल कमी होतात, पण खांब उभे राहतात आणि शिखरही चौकटीत येते. संपादनात खांब सरळ करायचे ठरवले असेल, तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडावी, कारण त्या दुरुस्तीत वरचा भाग ताणला जाऊन बाजू कापल्या जातात.

आमच्या दैत्यसूदन मंदिरातले कोरीव छत मात्र याच लेन्सने घ्यावे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते आणि आत प्रकाश बेताचाच असतो. त्यावर साधा मार्ग असा, की दुपट्ट्याची घडी फरशीवर अंथरून कॅमेरा पाठीवर निजवावा, लेन्स नेमकी वर करावी, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि आपण बाजूला व्हावे. शटर दोन-तीन सेकंद उघडे राहिले तरी कॅमेरा हलत नाही, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० वर ठेवता येतो, आणि छत सेन्सरला समांतर असल्यामुळे कडेचे नक्षीकामही ताणले जात नाही.

आता विवराविषयी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर आहे. आपण काठावरच उभे असल्यामुळे काठ दोन्ही हातांना पसरतो. तो संपूर्ण कोणत्याही एका साध्या चौकटीत बसणार नाही. पाणी आडवे जेमतेम बसते, पण उंचीत ते फार थोडा कोन व्यापते, आणि १० मिमीचा उभा कोन ७३ अंशांचा असल्याने उरलेली चौकट आकाशाने आणि पायांखालच्या झुडपांनी भरते. येथे ३५ मिमीच्या आसपास कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर एक-तृतीयांश चढवत सात-आठ चित्रे घ्यावीत आणि ती दंडगोलाकार प्रक्षेपणात, म्हणजे गोल भिंतीवर पसरल्यासारखी, जोडावीत. पलीकडच्या काठाला त्याची खरी उंची त्यातच मिळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. समूहचित्रासाठी पुन्हा १८-५५ कडे वळतो आणि छताचा प्रयोग नक्की करतो. मग वावरात ही लेन्स न्यावी की नाही? कापूस वेचणीची चित्रे घ्यायची आहेत. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सपुढे लावायचा फिल्टर) घेण्याचाही विचार आहे.

उत्तर (आर्वीहून)

अवश्य न्यावी, मात्र सारे वावर चौकटीत बसवण्याच्या हेतूने नव्हे. या लेन्सला एका वस्तूच्या अगदी जवळ जावे लागते. अशा बहुतेक लेन्स वीत-दीड वीत अंतरावरून फोकस घेतात. फुटलेले एखादे बोंड निवडावे, ज्याचा कापूस पाकळीपाकळीने बाहेर आला आहे आणि वाळलेल्या टरफलाची टोके अजून ताठ आहेत, आणि कॅमेरा पऱ्हाटीच्या उंचीवर आणावा. अंतर ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणले की बोंड दुप्पट मोठे होते. मागची तास (पिकाची ओळ), वेचणाऱ्या बाया आणि धुऱ्यावरची बाभूळ यांच्या आकारात मात्र फारसा फरक पडत नाही. हा अनुपात आपल्या पावलांनी ठरतो. चौकट रिकामी वाटली तर झूम फिरवू नये, आणखी जवळ जावे.

फोकसची चिंता नको. १० मिमीला एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा मोठा तर छिद्र लहान) सुमारे ६५ सेंटिमीटरवर फोकस ठेवला, तर साधारण ३३ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. एफ ११ वर फोकस अर्ध्या मीटरवर आणल्यास सुरुवात २५ सेंटिमीटरपासून होते. एफ १६ च्या पुढे जाऊ नये, विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. वेचणाऱ्या बाईला कडेला ठेवू नका. ओटीत कापूस टाकतानाचा तिचा हात मध्याजवळ असू द्यावा. सूर्य चौकटीत किंवा चौकटीलगत असेल, तर पुढच्या काचेवरचा धुळीचा प्रत्येक कण चकाकतो, म्हणून ब्लोअर आणि स्वच्छ फडके खिशात असावे.

पोलरायझरवर पैसे घालू नयेत. आकाशाचे ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते आणि दोन्हीकडे कमी होत जाते. ९६ अंशांच्या चौकटीत तो सारा फरक एकदम येतो, त्यामुळे दिवाळीनंतरच्या निरभ्र आकाशात मधोमध गडद निळा पट्टा उमटतो आणि तो संपादनात नीट निघत नाही. ओल्या पानांवरची चकाकी काढायची असेल आणि आकाश चौकटीत नसेल, तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे. ते काम १८-५५ वरही होते, म्हणून घ्यायचाच असेल तर त्या लेन्सच्या मापाचा घ्यावा.