सोलापुरात डिशवॉशर बसवून घेताना काय बघायचं?

प्रश्न: जुळे सोलापूर, पहिला मजला. टाकी वरच्या गच्चीवर, नळाला पाणी काही दिवसांआड, मधे बोअर. कंपनीचा माणूस येण्याआधी प्लंबरकडून काय करून ठेवू?

उत्तर १: सिंकखाली पाऊण इंची आटे असलेला वेगळा अँगल कॉक. मशीनला कमीत कमी साधारण ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीला एक बार धरा. तुमची टाकी नळापेक्षा चार मीटर वर असेल तर ०.४ बार, म्हणजे काठावरच. मॅन्युअलमधला आकडा बघा, कमी पडला तर प्रेशर पंप. इनलेट पाइपच्या टोकाला जाड डबी असेल तर पाइप कापू देऊ नका, आत विजेचा व्हॉल्व्ह असतो.

उत्तर २: वीज विसरू नका. हीटर दोन हजार वॅटच्या आसपास, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि खरं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड नकोच. ड्रेन पाइप जमिनीपासून ४० ते १०० सेंमी उंचीवर जोडा. खाली लोळत ठेवला तर पाणी आपोआप निघून जातं आणि भांडी तशीच राहतात.

उत्तर ३: बोअर आहे ना? मग हार्डनेस (पाण्याचा जडपणा) मोजूनच मशीनमधल्या सॉफ्टनरचं, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या भागाचं, सेटिंग करायला सांगा. टीडीएस मीटर दाखवतात, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, तो हार्डनेस नव्हे! सॉफ्टनरला मीठ लागतं; त्या मिठाच्या कप्प्यात पहिल्यांदा आधी पाणी, मग डिशवॉशरचं जाडं मीठ. घरातलं बारीक मीठ घातलं की कप्पा चोंदतो. मीठ सांडलं तर लगेच रिकामी सायकल, नाहीतर आतलं स्टील गंजतं.

प्रश्नकर्ता: आरओचं पाणी जोडलं तर?

उत्तर ३: नको. घरगुती आरओची धार फार बारीक, मशीन पाण्याची एरर दाखवेल.