खासगी गस्तीच्या जीपवर लाल-निळा दिवा चालतो का?

सांजवाट:
आमच्या गृहसंकुलाच्या सुरक्षेचे कंत्राट घेतलेल्या संस्थेने रात्रीच्या गस्तीच्या जीपवर पोलिसांच्या गाडीसारखीच लाल, निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची पट्टी बसवली आहे. परवा ती चमकताना पाहून एका रिक्षावाल्याने रिक्षा घाईघाईने कडेला घेतली आणि लायसन्स काढून हातात धरले. चालकाला हटकले, तर "लाल दिवा बंद झाला, हा रंगीत आहे" असे उत्तर मिळाले. नियम नेमका काय आहे?

मैलकुली:
चालकाने अर्धेच ऐकले आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे गेले, आणि त्याच वेळी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस, कायदा-सुव्यवस्थेसाठी तैनात संरक्षण व निमलष्करी दले आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या कामावरील वाहनांसाठी राखला गेला. खासगी सुरक्षा संस्था त्यात बसत नाही. तेव्हा रंगीत आहे म्हणूनच तो चालत नाही. २०२४ मध्ये पुण्यात प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरील दिव्यावरून केवढा गदारोळ झाला, हे आठवत असेलच.

घाटवळण:
रिक्षावाल्याचे काहीच चुकले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई प्रमाणे आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे दिवा दिसताच माणूस बाजूला होणारच. पोलिसांनाही सरसकट मोकळीक नाही: वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या विनियमांनुसार दिवा आणि भोंगा तातडीच्या कामावर असतानाच वापरायचा असतो, आणि अग्रक्रमात आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका आणि त्यानंतर पोलीस येतात. (चहाच्या टपरीपाशी उभ्या गाडीवरचा दिवा कोणत्या तातडीत मोडतो, हा प्रश्न मलाही पडतो.)

सांजवाट:
आभारी आहे. रविवारच्या सभेपर्यंत पट्टीवर काळे कापड बांधून ठेवले, तर चालेल का?

मैलकुली:
आवरणाची ती सोय जुन्या नियमात होती. पदाधिकारी गाडीत नसताना लाल दिवा काळ्या आवरणाने झाकावा लागे. मात्र ती दिव्याचा अधिकार असलेल्यांसाठी होती. तुमच्या जीपला मुळात तो अधिकारच नसल्याने, पट्टी उतरवून ठेवायला सांगा आणि संस्थेला तसे लेखी कळवा.