मदत हवी आहे: ॲक्वाटिंटला काळा टोन येत नाही, १२ दिवस राहिलेत

खानापूरची_शाई: एम.व्ही.ए. (कलेची पदव्युत्तर पदवी) प्रिंटमेकिंगला आहे, दुसरं वर्ष. सुट्टीत घरी आलेय. ॲक्वाटिंट, म्हणजे धातूच्या प्लेटीवर राळेचे कण धरवून ॲसिडनं टोन काढायचं, ते करतेय. पाच प्लेटी वाया गेल्या. रेषा झकास येते, खरं टोनच्या जागी नुसता फिक्का राखाडी. २० मिनिटं ठेवून बघितलं तरी तेच. डिस्प्लेला १२ दिवस आहेत. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

उद्यमबागवाला: प्लेट जस्ताची की तांब्याची? ॲसिड कुठलं? राळ कशी धरवली?

जुना_विद्यार्थी: बडोदा किंवा शांतिनिकेतन बघा. प्रिंटमेकर सोमनाथ होर शांतिनिकेतनातच शिकवायचे. प्रवेश परीक्षेची तयारी आत्तापासून करा.

खानापूरची_शाई: सर, प्रवेश झालाय, दुसरं वर्ष लिहिलंय की. प्लेट जस्ताची. नायट्रिक, एकाला दहा पाणी.

अथणीकर: ताई, घरात नायट्रिक? सोडा ते. मोरचूद आणि मीठ सारखं घेऊन पाण्यात विरघळवा. आमच्याकडं द्राक्षबागांना बोर्डोच्या फवारणीसाठी लागतं, शेतीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. जस्त छान खातं. तांबूस गाळ बसतो तेवढा पिसानं झाडत राहायचा.

उद्यमबागवाला: रेषा झकास येते म्हणजे ॲसिड खातंय. द्रावण बदलून टोन कसा येणार? राळेचं अजून सांगितलं नाही त्यांनी.

अथणीकर: आणि वाफ छातीत जाते त्याचं काय? मी स्वतः भोगलंय, म्हणून सांगतोय.

उद्यमबागवाला: ते मान्य. उघड्यावर करा, आणि ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडात कधीच नाही. खरं हिचा दोष तिथं नाही.

दगडछाप: लिथो करा. रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, दगडावरून छापलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या आजीच्या देवघरात होत्या. दगडावरचा टोन धातूला येत नाही.

खानापूरची_शाई: १२ दिवसांत लिथोचा दगड कुठनं आणू? राळ कुटून मलमलीतनं प्लेटवर झाडली. मग प्लेट भाकरीच्या तव्यावर ठेवून धूर निघेपर्यंत तापवली.

उद्यमबागवाला: हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. धूर आला म्हणजे राळ वितळून एकमेकांत मिसळली, प्लेटभर पापुद्रा झाला. ॲसिडला आत शिरायला जागाच नाही. कण वेगळे राहिले तर त्यांच्यामधलं जस्त खातं, तिथं शाई बसते. तिरक्या उजेडात बघत राहा. पांढरी भुकटी पारदर्शक होऊन चमकली की तत्क्षणी उतरवा. आणि आधी चाचणीची पट्टी करून बघा, सगळ्या प्लेटीवर नको.

खानापूरची_शाई: केली पट्टी. १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २, ४. प्रत्येक टप्प्याला वरचा भाग वार्निशनं झाकला. पाच टोन स्वच्छ सुटे आलेत, शेवटचा काळाकुट्ट मखमलीसारखा. बेळगावात ज्या दादांच्या प्रेसवर प्रिंट काढते त्यांना दाखवला, तेही खूश. खूप खूप आभार.

एक राहिलं. त्यांच्या प्रेसचं फेल्ट (छापताना कागदावर घालायचं जाड लोकरीचं कापड) झिजलंय. घोंगडी चालेल का?

अथणीकर: चालेल की. आमच्याकडं धनगरांची अस्सल लोकरीची मिळते.

उद्यमबागवाला: नको. भरड वीण आहे, ओल्या कागदावर विणीचा ठसा उठेल. फेल्टच पाहिजे. रोलर किती रुंद आहे, ते सांगा आधी.