बोटीचं जस्त आणि ॲनोडचा घोळ: प्लस की मायनस?

हर्णैची बारावी:
मासेमारी बंदीत बोट वर ओढली तेव्हा पाहिलं, पंख्यालगतची जस्ताची पट्टी पार कुरतडल्यासारखी झालीय आणि ब्राँझचा पंखा जसाच्या तसा. पट्टी म्हणजे ॲनोड, हे कळलं. पण डॅनियल सेलमध्ये (जस्त-तांब्याचा, वीज देणारा सेल) ॲनोड मायनस आणि विद्युत अपघटनात (बाहेरून वीज देऊन पदार्थ फोडतात ते) ॲनोड प्लस, हे कसं काय? कोणी नीट सांगेल का?

फिटरकाका, मिरकरवाडा:
बाळा, आधी प्लस-मायनस बाजूला ठेव. इलेक्ट्रॉन कोण सोडतंय ते बघ. सोडणारा तो ॲनोड, घेणारा तो कॅथोड, मग सेल कुठलाही असो. फरक एवढाच की रेटा कुणाचा.

गॅल्व्हानिक सेलात, म्हणजे डॅनियलसारख्या स्वतः वीज देणाऱ्या सेलात, रेटा धातूचाच. जस्ताचा अणू पाण्यात उतरताना दोन इलेक्ट्रॉन पट्टीत सोडून जातो. ते तिथे साठतात म्हणून ती मायनस. धातूंचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा कल, व्होल्टमध्ये) बघ: जस्त −0.76, तांबं +0.34, दोघांतला फरक म्हणून डॅनियल सेलला 1.10 व्होल्ट मिळतात. डॅनियल सेलात ते इलेक्ट्रॉन घेऊन कॅथोडवर तांबं जमतं, तुमच्या बोटीवर मात्र तांबं जमत नाही हो. जस्ताचे इलेक्ट्रॉन शाफ्टमधून (पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून) पंख्यावर जातात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो. पंखा शाबूत राहतो तो त्यामुळे.

अपघटनात रेटा बाहेरच्या बॅटरीचा. ती ॲनोडमधून इलेक्ट्रॉन खेचून घेते, म्हणून तो प्लस.

करूनच बघ. वाटीभर खाऱ्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसं एकमेकांना न टेकवता उभी कर, 9 व्होल्टची बॅटरी जोड. मायनसकडे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे भराभर सुटतील, प्लसकडे क्लोरीनचा उग्र वास येईल. पडवीतच कर, वाऱ्यावर, आणि वास आला की लगेच तार काढ. तो वायू छातीला वाईट.

मालवणचो झील:
काका, आमच्या वाडीत एकान जस्तार पण रंग काढल्यान. झीज कमी होतली म्हणता. खरा काय ता?

फिटरकाका, मिरकरवाडा:
अजिबात नको! रंगाखाली जस्त पाण्याला लागतच नाही, मग ते झिजणार कसं? आणि ते झिजलं नाही की पाणी ब्राँझ नि शाफ्ट खायला लागतं. पट्टी बसते ती जागासुद्धा पॉलिश पेपरने चकचकीत घासायची. धातूला धातू टेकला नाही तर इलेक्ट्रॉनना वाटच नाही. निम्मी झिजली की बदलायची, पुढच्या हंगामावर ढकलायची नाही.

हर्णैची बारावी:
कळलं काका. बाबांनी पट्टीखाली रबराचा वायसर घातलाय, तो आजच काढायला सांगते.